बक्कल घासू नका

फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून ठेवलेलं. तिथे गेल्या महिन्यात एका पाडलेल्या जुन्या क्वार्टरच्या जागेवर आमची सॅपर मुलं डिटेक्टर फिरवत होती. खोदकामाआधी जमिनीतल्या केबल आणि पाइप हुडकायचे होते. केबल मिळाली, शिवाय खिळे, दाराच्या बिजागऱ्या आणि पट्ट्याची तीन बक्कलं.

साताऱ्याकडचा एक नाईक ती रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेला. हिरवट, मातीने भरलेली. रात्री मी पितळेचं पॉलिश काढलं आणि पहिलं बक्कल घासायला बसलो. खडकवासल्याच्या तीन वर्षांत एक गोष्ट अंगात भिनली आहे, पितळ मळकं दिसलं की शिक्षा. दहा मिनिटांत बक्कल चकाकलं. मधोमध जे पुसट उठावाचं काम दिसत होतं, तेही गेलं.

तो हिरवा थर म्हणजे नुसती घाण नव्हे. पितळ मातीत राहिलं की वर हा थर चढतो आणि नक्षीच्या बारीक रेघा त्यातच टिकून राहतात. थर खरवडला की रेघाही जातात. हे मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

उरलेली दोन साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुतली. एकावर मुकुट निघाला. मुकुटाच्या कमानी मध्ये दबलेल्या असतील तर काळ व्हिक्टोरिया राणीचा. वर फुगीर असतील तर 1901 नंतरच्या राजांचा. ह्याच्या फुगीर. 26 जानेवारी 1950 पासून आपल्या चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले, म्हणजे बक्कल त्याआधीचं. दुसरी सापाच्या आकाराची आकडी. ही पद्धत व्हिक्टोरियाच्या काळापासून अनेक दशकं चालली, विलायतेत शाळकरी पोरांच्या पट्ट्यांनाही ती असे. नुसत्या आकारावरून साल सांगता येत नाही.

आणि पहिलं? किल्ला पुरा झाला 1781 मध्ये. त्यावर कंपनीचा मुकुट धरलेला सिंह होता, की एखाद्या पलटणीचा नंबर? नंबर असता तर निदान पलटण कळली असती. ज्याच्या कमरेला ते होतं त्याची तेवढीच खूण उरली होती, आणि ती मी पुसली.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते. ती खिशात घालायची नसते. जागा, खोली, फोटो अशी नोंद करून तिन्ही वर पाठवली. पहिल्यापुढे लिहिलं, 'पॉलिश केल्याने खूण नष्ट.' खाली माझी सही.

नाईकाने ते वाचलं. म्हणाला, "सर, परेडला आमचं बक्कल चमकलं नाही तर तुम्हीच ओरडता."

"उद्याही ओरडणार," मी म्हटलं. "पण जमिनीतून निघालेलं कधी घासू नकोस."