प्रोग्राम कुठे उभा आहे?

आज शिकवताना आधी माझीच एक चूक सांगते.

प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. एका मुलीचा सी प्लस प्लसचा प्रोग्राम गुणांची फाइल वाचून निकाल छापणार होता. तिने एफ-५ दाबलं आणि स्क्रीनवर आलं, फाइल उघडता आली नाही. "मॅडम, घरी चालत होता हो! आणि बघा ना, फाइल इथेच आहे." खरंच, एक्झी फाइलच्या शेजारीच होती. पण "घरी चालत होता" हे वाक्य दर वर्षी इतकी मुलं म्हणतात, की मी ऐकूनच घेतलं नाही. आउटपुटचे १० पैकी ० दिले.

संध्याकाळी काही चैन पडेना. लॅब रिकामी झाल्यावर तिचा प्रोजेक्ट परत उघडला. कमांड प्रॉम्प्टवरून डीबग फोल्डरमध्ये जाऊन प्रोग्राम चालवला, तर निकाल अगदी बरोबर! व्हिज्युअल स्टुडिओतून एफ-५ दाबलं की पुन्हा तोच रडका मेसेज. मग मेनमध्ये पहिल्याच ओळीला, फाइलसिस्टिम लायब्ररीतलं करंट पाथ हे फंक्शन वापरून, प्रोग्राम सध्या कुठे उभा आहे ते छापलं. उत्तर आलं: बिल्ड फोल्डर. एक्झी आणि फाइल मात्र त्याच्या आत, डीबग फोल्डरमध्ये.

आता नीट बघा. कोडमध्ये नुसतं फाइलचं नाव लिहिणं म्हणजे "डावीकडून तिसरं घर" असा पत्ता सांगण्यासारखं आहे. सांगणारा कुठे उभा आहे, त्यावर घर ठरतं. प्रोग्राम जिथे उभा असतो, ती त्याची वर्किंग डिरेक्टरी. एक्झी कुठे ठेवली आहे याच्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. ती ठरवतो प्रोग्राम सुरू करणारा. कमांड प्रॉम्प्टवर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये असाल, ती. व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबगरमध्ये, आपण काही सांगितलं नाही तर, प्रोजेक्ट फाइलचं फोल्डर. या मुलीचा प्रोजेक्ट सीमेकने तयार केलेला, म्हणून ते फोल्डर निघालं बिल्ड.

प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये डीबगिंगखाली हा पत्ता हाताने बदलता येतो. पण बिल्ड फोल्डर पुसून नव्याने बनवलं की तो बदल गेला. म्हणून तो सीमेकच्या फाइलमध्येच लिहावा. सीमेक ३.८ पासून टार्गेटला 'व्हीएस डीबगर वर्किंग डिरेक्टरी' नावाची प्रॉपर्टी देता येते (शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर, सगळी कॅपिटल अक्षरं). मी तिथे एक्झीचं फोल्डर दिलं, सीमेक परत चालवलं, एफ-५ दाबलं. चाललं! व्हीएस कोड वापरत असाल तर लाँच जेसनमधलं 'सीडब्ल्यूडी' हेच काम करतं.

बरीच मुलं वैतागून सी ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता कोडमध्ये लिहून टाकतात. तसं करू नका रे. दुसऱ्याच्या मशीनवर तो पत्ता नसतो, आणि तपासायला मी माझ्याच मशीनवर घेते.

गुणपत्रक अजून माझ्याकडेच होतं. सकाळी त्या मुलीला बोलावून ० चे ९ केले. एक गुण कापला, कारण फाइल उघडली नाही तर कोणत्या फोल्डरमध्ये शोधली, हे तिचा प्रोग्राम सांगत नव्हता. ती म्हणाली, "मॅडम, ते तर तुम्ही शिकवलंच नव्हतं."