मुरलेला मासा

सीझर सॅलडचं ड्रेसिंग चाखून कुणी विचारलं, ‘यात मासा आहे का?’, तर माझ्या हातून काहीतरी जास्त पडलं असं मी समजतो. आणि मासा मुळीच घातला नाही, तर तेच ड्रेसिंग नुसतं तेलकट, आंबट लागतं. हॉटेलच्या थंड विभागात इतकी वर्षं काढल्यावरही या दोहोंमधली जागा मी रोज नव्याने शोधतो.

हा मासा म्हणजे अँचोव्ही, बोटाएवढा. आपली मांदेली त्याच कुळातली. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर आणि सिसिलीत त्याचं डोकं काढून, मिठाच्या थरांत रचून, वर वजन ठेवून तो महिनोन्महिने तसाच ठेवतात. मीठ पाणी ओढून घेतं, माशातलीच विकरं मांस हळूहळू मऊ करत जातात, पांढरा रंग तांबूस-तपकिरी होतो. सुकी मांदेली वाटून घालायचा सल्ला मला पुष्कळांनी दिला, मी करूनही पाहिलं. वास पुढे धावतो, चव मागे राहते. आंबोशी आणि वर्षभर मुरलेलं लोणचं, दोन्ही कैरीचीच. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. तेलातल्या अँचोव्हीची छोटी बाटली महाग असते, पण एका वेळी चारच फिती लागतात.

मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात, सीझर कार्डिनी या इटालियन माणसाच्या उपाहारगृहात १९२४ साली हे सॅलड जन्मलं असं सांगतात. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, सीमेपलीकडून गिऱ्हाईक तिथे यायचं. कार्डिनींच्या कृतीत अख्खी अँचोव्ही नव्हतीच म्हणे, होता तो वूस्टरशर सॉस. त्या सॉसमध्ये अँचोव्ही असते आणि चिंचही असते, हे मला फार आवडतं.

आता कृती, चौघांपुरती. ४ फिती आणि लसणाची अर्धी पाकळी आधी बारीक चिरा. मग सुरीचं पातं आडवं करून ते फळीवर दाबत ओढा. सात-आठ वेळा ओढलं की तुकडा म्हणून काही उरत नाही, फळीवर फक्त तपकिरी, चकाकता लेप दिसतो. मिक्सरमध्ये एवढासा ऐवज भांड्याच्या कडेलाच चिकटून बसतो, म्हणून सुरीच बरी.

वाडग्याखाली ओला फडका ठेवा, म्हणजे ते फिरणार नाही. त्यात तो लेप, २ बलक, १ छोटा चमचा डिजॉन मोहरी आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस फेटा. तेल १५० मिलिलिटर, बहुतेक सूर्यफुलाचं, थोडं ऑलिव्हचं. नुसतं ऑलिव्ह फेटलं तर कडवट होतं. पहिले दोन चमचे तेल अक्षरशः थेंबाथेंबाने घाला. बलकातलं लेसिथिन तेलाच्या प्रत्येक कणाभोवती कवच धरतं, आणि त्याला तेवढी उसंत द्यावी लागते. नीट जमत आलं की फेटणीचा आवाज बदलतो. आधीची खळखळ जाऊन जड, दबका आवाज येऊ लागतो. तो ऐकू आला की मग बारीक धार चालते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका लग्नाच्या रात्री, मी घाईत धार मोठी केली आणि दोन लिटर ड्रेसिंग फाटलं. मला रडू फुटायचं बाकी होतं. आमचे शेफ शांतपणे म्हणाले, “ओतून देऊ नकोस. नवा बलक घे आणि हे फाटलेलं तेल समजून त्यात थेंब थेंब घाल.” वीस मिनिटांत सगळं जुळून आलं.

मूळ कृतीत अंडं मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवतात, पण तेवढ्याने जंतू मरत नाहीत. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल, तर बलक, लिंबाचा रस आणि २ चमचे पाणी मंद आचेवर सतत ढवळत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत न्या, थंड करा, मगच पुढे जा. त्यासाठी थर्मामीटर हवाच.

शेवटी मूठभर किसलेलं पार्मेझान आणि भरडलेली मिरी. मीठ अगदी शेवटी, बहुतेकदा लागतच नाही. आणि चव चमच्याने नव्हे, पानाला लावून घ्या. पान ओलं असेल तर ड्रेसिंग घसरून तळाशी जातं. म्हणून रोमेनची पानं धुऊन, सुती पंच्यात गुंडाळून मी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो. बाहेर काढून एक पान मोडतो. कट् असा आवाज आला, तरच वाडगं पुढे ओढतो.