करवंदाची वई

भुसावळला घराचं काम काढायचं तर उन्हाळ्याच्या आत. एप्रिल उजाडला की पारा पंचेचाळिशीकडे सरकतो. मिस्तरी आणि बिगारी सकाळी सातला येतात, अकराला थापी खाली ठेवतात, आणि तेच शहाणपणाचं असतं. नव्या प्लास्टरवर मारलेलं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पोचायच्या आत सुकतं. म्हणून आम्ही थंडी असतानाच गच्चीची गळती, ओट्याची फरशी आणि मोरी उरकून घेतली. गच्चीला पांढरा रंगही दिला, त्याने वरच्या खोलीत खरंच फरक पडला. अडलं ते मागच्या कुंपणाशी.

मागे आधीच्या मालकांनी बांधलेली विटांची भिंत होती. तिला कोपऱ्यातून तिरकी भेग गेली होती. उन्हाळ्यात त्या भेगेत बोटं जायची, पावसाळ्यात ती जवळजवळ मिटायची. मिस्तरी भिंतीपेक्षा जमिनीकडेच जास्त वेळ बघत राहिले. तापीकाठची ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर वरवर ठेवलेली भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते, थोडी बसते, आणि शेवटी फाटते. "मुरूम लागेपर्यंत खोदा, कॉलम घ्या, खालून बीम फिरवा, मग कितीही उंच जा," ते म्हणाले. त्यांनी सांगितलेला आकडा स्वयंपाकघराच्या खर्चाहून मोठा होता. मागून बकऱ्या आणि डुकरं आत येऊ नयेत एवढ्यासाठी इतका पैसा जमिनीत घालायचा, हे मला पटेना.

आमच्या गल्लीत एका घरी काम निघालं की सल्ला सगळ्यांचा असतो, आणि मला हे मनापासून आवडतं. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, खुर्च्या बाहेर आल्या, की फरशी कुठून घ्यावी, कूलरला वाळा लावावा की गवताची जाळी, टाकीला कुठला वॉल्व्ह, सगळं निघतं. शेजारचे आप्पा रेल्वेत ड्रायव्हर होते. भुसावळ-खांडवा मार्गावर त्यांची उमर गेली. त्यांचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं. "अवो ताई, ह्या काया मातीत भिंत म्हंजे पैसा गाडनं. अन् तार लावसान तं बकऱ्या खालून घुसतीन. वई लावा, काट्याची." समोरच्या मावशींना वई पटली, काटा पटला नाही. त्यांचा नातू आमच्याच मागच्या अंगणात खेळतो.

मग कुठली वई, यावर बरेच दिवस बोलणं चाललं. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्यांना कुंपण म्हटलं की मेंदी आणि कोयनेल आठवते. दोन्ही उन्हाला खंबीर आहेत. कोयनेलच्या कडू पानांना जनावर तोंड लावत नाही, पण ती अडवतही नाही, कुत्रं सहज आरपार जातं. मेंदी वर दाट आणि खाली उघडी पडत जाते, आणि बकरीला खालचीच वाट हवी असते. बोगनवेल माझ्या मुलीची आवड. इथल्या मे महिन्यात सगळं करपलेलं असताना ती रंगाने पेटते, हे खरं आहे. पण तिला सतत छाटावं लागतं, आणि छाटलेल्या काटेरी फांद्या टाकायच्या कुठे हा प्रश्न दर महिन्याला उभा राहतो. सागरगोट्याचं नाव मावशींनीच काढलं. लहानपणी त्याच बिया खेळल्या होत्या त्या. ती वेल मात्र आकड्यासारख्या काट्यांनी चढत जाते आणि बघता बघता अर्धा गुंठा व्यापते. ती शेताच्या बांधाला शोभते, प्लॉटच्या मागे नाही. शेर आणि थोर यांना मी स्वतःच नकार दिला. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि अंगणात पोरं असतात. निवडुंगाबद्दल आप्पांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं: एके काळी पडीक जमिनी त्याने भरून गेल्या होत्या, आणि मग तो आपोआप गेला. तो आपोआप गेला नव्हता. अमेरिकेतून आलेलं हे झुडूप आवरेना, तेव्हा १९२६ च्या सुमाराला श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारा पिठ्यासारखा किडा आणून सोडला गेला, आणि त्याने निवडुंगाची रानंच्या रानं संपवली. म्हणूनच आज ते फड्या निवडुंगाचं कुंपण आपल्याकडे इतकं क्वचित दिसतं.

करवंद सुचलं ते आप्पांना, आणि तेही गाडीवरून. वैशाखात मुंबईला जाताना कसारा-इगतपुरीला बायका पानांच्या द्रोणात काळी करवंदं विकायला आणतात. खानदेशातून त्या वाटेने गेलेल्या कुणालाही ती चव विसरता येत नाही. "त्याचीच वई लावा. काटा दुहेरी, फळ खायाले, लोनचं घालाले." आमच्या रोपवाटिकेच्या दादांनीही होकार दिला. बारमाही हिरवं, पाण्याचा ताण सोसणारं, आणि फांदी जिथे फुटते तिथे काट्यांची जोडी. एक अट त्यांनी सांगितली: पहिली दोन वर्षं हे झाड फारसं काही करताना दिसणार नाही.

यात मी पुस्तकात वाचलेली एक गोष्ट घातली, आणि तीन संध्याकाळी दुसरा विषय निघाला नाही. जगातली बहुधा सर्वांत लांब काटेरी वई आपल्या उशाशी होती. रावेर ओलांडलं की बुऱ्हाणपूर, इथून पॅसेंजरने तासा-दीड तासाची वाट. इंग्रजांनी मिठावर कर बसवला होता. बंगालच्या बाजूला तो मणाला सव्वातीन रुपये, तर मुंबई इलाख्यात दोनच्या आत. पश्चिमेचं स्वस्त मीठ उत्तरेकडे जाऊ नये म्हणून सिंधूपासून थेट महानदीपर्यंत सुमारे २३०० मैलांची नाकेबंदी उभारली गेली, तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला. त्या नाकेबंदीचा मोठा भाग म्हणजे पंजाबातल्या लय्याहपासून बुऱ्हाणपूरच्या परिसरापर्यंत आलेली वई. आधी ती वाळलेल्या काट्यांची होती. मैलाला २५० टन काटे लागत आणि ते दूरदूरहून वाहून आणावे लागत. वाळवी, उंदीर, वादळ आणि वणवा यांनी त्यातले बरेच दरवर्षी संपत. १८६७ साली जकातीचे आयुक्त झालेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी जिवंत वईचा आग्रह धरला. कुठल्या मातीत काय जगतं हे त्यांनी लावून पाहिलं: बोर, बाभूळ, करवंद, थोर, आणि जिथे दुसरं काहीच तग धरेना तिथे निवडुंग. जमीन हलकी असेल तिथे चर खोदून चांगली माती भरली, पूर येणाऱ्या भागात बांध घालून त्यावर लावण केली. दहा-बारा फूट उंच आणि काही ठिकाणी चौदा फूट जाड. माणूस आणि जनावर दोघांनाही ती अभेद्य होती.

हे सांगताना माझा आवाज चढला होता, ते मला कळत होतं. गरिबाच्या भाकरीवरचं मीठ अडवायला करवंद आणि बोर वापरलं गेलं, याचा मला अजून राग येतो. १८७९ मध्ये ती नाकेबंदी उठली, वई लोकांनी सरपणाला नेली, जमीन नांगरली, रस्ते घातले, आणि लोक ती इतकी विसरले की रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला एका जुन्या पुस्तकातल्या उल्लेखावरून ती शोधत हिंडावं लागलं. चंबळकाठच्या इटावा जिल्ह्यात त्यांना तिचा एक अवशेष सापडला. त्यांचं पुस्तक २००१ साली आलं. आणि ह्यूम? त्यांनीच पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तिचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात इथून जवळच्या फैजपूरला झालं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चायीस वर्सं त्या लाइनीवरून गाडी नेली, कोनी सांगलं नही."

ह्यूम यांच्या कामातली शेतीची बाजू मात्र मी बिनदिक्कत घेतली. पडकी भिंत उतरवून तिथे मे महिन्यात दोन फूट खोल चर काढला आणि तो महिनाभर उन्हात तापू दिला. काळ्या मातीत पाणी साचून करवंदाची मुळं कुजू नयेत म्हणून खाली मुरूम आणि जुन्या विटांचे तुकडे घातले. भिंतीच्या विटा अशा कामी आल्या. वर मुरूम, पोयटा आणि शेणखत. मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपं लावली, दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, एका ओळीतलं रोप दुसरीतल्या मोकळ्या जागेसमोर येईल अशी. बाहेरच्या अंगाला बाभळीच्या वाळक्या काट्या रोवल्या. जिवंत वई मोठी होईपर्यंत मेलेल्या वईनेच तिला सांभाळायचं, हे आपल्या शेतकऱ्यांना ह्यूमच्या आधीपासून ठाऊक आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यात एक गावरान बोर लावली.

खरी कसोटी पहिल्या उन्हाळ्याची होती. इथला दुपारचा वारा पान भाजतो. यावल-रावेरकडे केळीच्या बागांना पश्चिमेच्या बाजूने शेवरी किंवा हत्ती गवत दाट लावतात ते याच वाऱ्यासाठी. आप्पांच्या भाच्याच्या बागेतून आम्ही केळीची वाळलेली पानं आणली आणि रोपांच्या बुंध्याशी जाड अंथरली. त्याखालची माती पाणी दिल्यावर कितीतरी वेळ ओली राहायची. एक गोष्ट लवकरच लक्षात आली: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडाला घालायचं नाही. बोअरचं पाणी दिवसभर आटत आटत त्यात क्षार साठतात, आणि ते मुळाशी पांढरे होऊन बसतात. धुण्याच्या शेवटच्या खळबळीचं पाणी चाललं.

रोपवाटिकेचे दादा म्हणाले होते ते तंतोतंत झालं. दोन वर्षं वई जमिनीशीच राहिली. ये-जा करणारे विचारायचे, भिंत कधी बांधता म्हणून. मावशी रोज सकाळी येऊन एकेक रोप बघायच्या. काट्याला विरोध त्यांचाच होता आणि सुकलेल्या रोपाच्या जागी नवं लावा म्हणून मागे लागणाऱ्याही त्याच. तिसऱ्या पावसाळ्यात ती अचानक फुटली. शेंडे खुडले की बाजूने चार धुमारे यायचे, आणि खालून दाट व्हायला लागली. बकऱ्यांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशी तोंड घालून पाहिलं, मग पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या. पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी ओट्यापर्यंत येतो. बुलबुलांनी घरटं केलं तेव्हा छाटणी पुढे ढकलली. मावशींच्या नातवाला काटा एकदाच लागला, आता तो चेंडू काढायला वाकडी काठी घेऊन येतो. हिरव्या करवंदांचं लोणचं यंदा गल्लीत वाटण्याइतकं झालं, आणि पिकलेल्या फळांतल्या बिया धुऊन लगेच पिशव्यांत लावल्या, कारण त्या शिळ्या झाल्या की उगवत नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या तीन घरांनी रोपं मागून ठेवली आहेत.

उंचीवरून मात्र वाद झालाच. माझ्या यजमानांना मागची बाजू डोक्यापर्यंत हवी होती, वारा आणि धूळ अडावी म्हणून. आप्पांच्या बाजूला तितकी उंच वाढवली तर त्यांच्या खुर्चीवरून आमचा ओटा दिसणार नाही, आणि हे त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. "तिकून कितीबी वाढवा. इकून छातीइतकीच ठेवा. बोलनं व्हाले पायजे." मागे सहा फूट आणि आप्पांकडे साडेतीन, असं ठरलं. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर अशी दोनदा छाटणी करायची, आणि त्यांच्या बाजूची कात्री त्यांनीच चालवायची.