चार्ज प्रेशर, पंप उतरवण्याआधी तुला मोजायला हवं

प्रिय चार्ज प्रेशर,



रस्त्याच्या कामावरचा सॉइल कॉम्पॅक्टर सकाळी, तेल थंड असताना, भरावावर नीट चढतो. दुपारी तेल तापलं की त्याच चढावर तो ओढेनासा होतो आणि साइटवर निकाल लागतो, ‘पंप बसला.’ मग महागडा पिस्टन पंप उतरवून वर्कशॉपला धाडतात, मशीन उभं राहतं, काम अडतं. तुझी चौकशी मात्र कुणी करत नाही. याचा मला मनापासून राग येतो, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे.

तुझा आकडा लोकांना किरकोळ वाटतो. हायड्रॉलिक पंप आणि मोटार यांच्यामधल्या मुख्य लाइनमध्ये 350 ते 400 बार दाब, आणि तू बहुतेक मशीनांवर 20 ते 30 बारच्या आसपास! पण क्लोज्ड लूपमध्ये मोटारीतून आलेलं तेल टाकीत न जाता पुन्हा पंपाकडेच वळतं. वाटेत पिस्टनच्या फटींतून थोडं तेल केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, झिरपतं आणि ड्रेनमधून टाकीत जातं. ती तूट मुख्य पंपाच्या पाठीला बसवलेला छोटा गिअर पंप, म्हणजे चार्ज पंप, तुझ्या जोरावर भरून काढतो. मुख्य पंपाचा प्रवाह कमी-जास्त करणारी स्वॉश प्लेट कलवणारं तेल तुझंच. स्प्रिंगने आवळलेला पार्किंग ब्रेकही तूच सोडवतोस. तू खचलास की प्लेट पुरती कलत नाही, ब्रेक अर्धवट घासत राहून जळतो, आणि कमी दाबाच्या बाजूला तेल अपुरं पडून पिस्टनचे स्लिपर उखडू लागतात. म्हणजे पंप खरोखर बसतो, पण तो तुझ्या मागून.

तुला मोजायला 0 ते 60 बारचं गेज हवं. 600 बारच्या गेजवर तुझी दोन बारची घसरण काट्याच्या जाडीतच हरवते. पोर्ट मात्र मॅन्युअलमध्ये बघूनच शोधावं. हेच लहान गेज चुकून मुख्य लाइनला लागलं तर ते फुटतं, आणि समोरच्या माणसाचा डोळा जाऊ शकतो. तेल निदान 50 अंशांपर्यंत तापू द्यावं, कारण थंड, घट्ट तेलावर झिजलेला पंपसुद्धा चांगला आकडा दाखवतो. सकाळी सात वाजता घेतलेल्या रीडिंगवर माझा तरी विश्वास नाही.

आधी न्यूट्रलमध्ये बघावं, आयडलला आणि पूर्ण आरपीएमला. इथेच तू कमी भरलास तर मुख्य पंपाला हात लावण्याआधी सक्शनकडे जावं: फिल्टर तुंबलाय का, होज आतून सोलून बसलीय का, ढिल्या क्लॅम्पमधून हवा ओढली जाऊन टाकीत फेस येतोय का. मग चार्ज रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकलाय का ते बघावं, आणि त्यानंतर चार्ज पंप.

न्यूट्रलला तू ठीक असलास, तर चाकांना ओट लावून, ब्रेकवर, मोजके सेकंद मशीनला ओढायला लावावं. मोटारीत लूपमधलं थोडं तेल बाहेर सोडणारा फ्लशिंग व्हॉल्व्ह असेल तर तो उघडतो आणि तू एक-दोन बार उतरतोस. ते निरोगीपणाचं लक्षण आहे, त्याला घाबरू नये. धाडकन कोसळलास तर मात्र लोड आल्यावर पंप किंवा मोटार आतून गळतेय. दोघांच्या केस ड्रेनचं तेल वेगवेगळं मोजलं की दोष कुणाचा ते कळतं. मोटारीच्या ड्रेनमध्ये फ्लशिंगचं तेलही येतं, ते धरून हिशेब करावा.

मशीनमालकांना आणि साइट इंजिनिअरांना माझी एवढीच विनंती आहे. मशीन धडधाकट असतानाच गरम तेलावरचे तुझे आकडे, न्यूट्रलचे आणि लोडवरचे, लॉगबुकात लिहून ठेवा. आणि कुणी पंप उतरवायला आलं, तर पाना लावू देण्याआधी आजचा आकडा मागा.

तुझा,
एक फील्ड मेकॅनिक