चलो जळगाव, भरीत खायला!

'बेक्ड ब्रिंजल' हल्ली डाएटवाल्यांमध्ये जाम भाव खाऊन आहे. खाऊ दे बापडं! खान्देशात मात्र वांगी भाजायला ओव्हन लागत नाही, मोकळं शेत लागतं. त्यासाठी थंडीत एक वीकेण्ड जळगावला द्यायलाच हवा.

मुंबईहून रात्रीची गाडी पकडली, की सकाळी तुम्ही जळगावात. बाजारात पहिली नजर जाते ती फिकट हिरव्या, हातभर टोपल्या भरून ठेवलेल्या वांग्यांवर. बिया कमी, गर भरपूर. भुसावळहून तापी ओलांडून गेलं की लागणारं बामणोद तर या वांग्यांसाठीच फेमस. 'जळगाव भरीत वांगं' या नावाने त्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवतात आणि त्यावर वांगी टाकतात. साल करपते, आतला गर वाफेवर शिजतो, धूर त्यात मुरतो. मग साल काढून गर लाकडी मुसळीनं ठेचायचा. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप घातले की झालं. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. अहाहा!

आता कॅलरीजचं बोलू. १०० ग्रॅम वांग्यात जेमतेम २५ कॅलरीज आणि साधारण ३ ग्रॅम फायबर. वांग्याचा गर स्पंजासारखा. तळला की तेल पितो, भाजला की आपल्याच पाण्यात मऊ होतो. खरा घोळ फोडणीत! एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरीज, आणि खान्देशी हात तेलाला आखडत नाही.

घरी करायचंय? वांग्याला टोचे मारा, २०० डिग्रीवर पाऊण तास ओव्हनमध्ये ठेवा. गर छान होतो, पण धुराची चव येत नाही.

आणि माणसंही येत नाहीत. शेतात एक जण काड्या सरकवतो, दोघं सालं काढतात, चौघं नुसतेच गप्पा हाणतात. रोजचा डबा मॉनिटरसमोर संपवणाऱ्या माझ्यासारख्याला ही पंगत भरतापेक्षाही जास्त लागत होती.

तेव्हा ग्रुप घेऊनच जा. शेतात ओळख नसेल तर जळगावातली भरीत सेंटर्स आहेतच. येताना दोन किलो वांगी आणा आणि शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवा!