खाच जुळेना

आमच्या भाच्याने दोन वर्षे शिकवण्या करून पैसा साठविला आणि खेळांसाठी संगणक घरीच जुळवावयाचे ठरविले. खरेदीस म्हापशास जाताना त्याने आम्हांस सोबत नेले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर! तरी वडीलकीचा मान राखावा म्हणून 'रॅम' आम्हीच निवडली. स्वस्त मिळाली याचा आनंदही मानला.

मुळगावी परतून खोकी उघडली. मदरबोर्ड होता एएमडीच्या 'एएम५' बैठकीचा. २०२२ साली निघालेली ही बैठक केवळ डीडीआर५ रॅम स्वीकारते, आणि आम्ही आणली होती डीडीआर४! दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखी, पिनाही २८८च; परंतु मधली खाच किंचित सरकलेली. एकीस वीज लागते १.२ व्होल्ट, दुसरीस १.१. पट्टी काही बसेना. आम्ही अंगठ्याने जोर लावू लागलो.

"नाका मामा, मोडटली!" भाचा ओरडला. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच वेगळी असते, हे त्याने मग शांतपणे समजाविले. तो रागावला नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलून आणली. वरचा फरक अर्थातच आम्ही भरला. यापुढे आम्ही केवळ शिष्य. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटात मावते ना, कूलरची उंची झाकणास अडत नाही ना, हे तो फूटपट्टीने मोजून दाखवी. सर्व भागांच्या वॅटांची बेरीज मात्र आमच्याकडून करवून घेतली, आणि वर थोडी शिल्लकही ठेवविली.

अखेर पडदा उजळला. तेवढ्यात बाहेर पाऊस कोसळला नि वीज गेली. यूपीएस आमच्या यादीत नव्हताच.