सायनसचा फोटो: कधी आणि कोणता

चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोवती हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या मागे खोलवर. हेच सायनस. त्यांच्या अस्तरातला स्राव बारीक वाटांनी सतत नाकात उतरत असतो. सर्दीने अस्तर सुजले की वाटा बुजतात, स्राव साचतो, चेहरा जड होऊन दुखू लागतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्याच्या धानपट्ट्यात असा रुग्ण दवाखान्यात आला की अनेकदा स्वतःच फोटो काढून मागतो. साध्या तीव्र आजारात मात्र फोटोची गरज नसते. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो आणि त्रास आपोआप ओसरतो. 10 दिवस उलटूनही तो कमी झाला नाही, किंवा उतार पडून पुन्हा बळावला, तर जिवाणूंचा संसर्ग धरतात. हा निर्णय विचारपूस आणि तपासणीवरच होतो. चित्राने उलट दिशाभूल होऊ शकते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साधी सर्दी झालेल्या 31 जणांचे सीटी स्कॅन काढले गेले. त्यांपैकी 87 टक्के जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बदल दिसले. म्हणजे सर्दीतला फोटो बहुतेक वेळा बिघडलेलाच दिसतो. त्यावरून प्रतिजैविक सुरू करणे चूक.

यंत्राविना निदानाची परंपरा याच भागात रुजलेली आहे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. एक्स-रेविना केलेल्या त्या उपचारांनी बालमृत्यू घटल्याचा अहवाल 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

एक्स-रे ही सर्वांत जुनी आणि स्वस्त तपासणी. 1915 पासून प्रचलित असलेल्या वॉटर्स पद्धतीत हनुवटी वर करून प्लेटला टेकवतात, त्यामुळे कानाच्या आतल्या बाजूचे दाट हाड गालाच्या सायनसखाली सरकते. फोटो उभ्याने किंवा बसवून काढावा. तरच साचलेल्या द्रवाची आडवी रेघ उमटते. झोपवून काढल्यास ती हरवते. डोळ्यांमधल्या आणि खोलवरच्या सायनसबद्दल मात्र एक्स-रे फारसे विश्वासार्ह काही सांगत नाही. लहान मुलांत कपाळाचे सायनस तयारच झालेले नसतात, हेही वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

त्रास 12 आठवड्यांहून जुना असेल, वारंवार उलटत असेल किंवा शस्त्रक्रिया ठरत असेल, तर सीटी स्कॅन हवा. तो औषधोपचार पूर्ण झाल्यावर काढावा, म्हणजे तात्पुरती सूज वगळून मूळ दोष दिसतो: बुजलेली वाट, नाकाचा वाकडा पडदा, नाकातला कोंब (पॉलिप). डोळ्याची आणि मेंदूखालची पातळ हाडे त्यात स्पष्ट दिसत असल्याने दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्याचा तो नकाशाच असतो. एकाच बाजूचा गालाचा सायनस भरलेला असेल तर वरच्या दाढेची मुळे पाहावीत, बुरशीचा गोळा आणि गाठ यांचाही विचार करावा.

डोळा सुजणे, दोन दोन दिसणे, नजर मंदावणे, तीव्र डोकेदुखीसोबत गुंगी येणे ही लक्षणे असतील, तर वाट पाहणे धोक्याचे. 2021 मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्राला हे कठोरपणे शिकवले. मधुमेह असलेले आणि स्टिरॉइड घेतलेले रुग्ण त्यात अधिक सापडले. हाड किती खाल्ले गेले हे सीटी दाखवतो. डोळ्याच्या खोबणीत आणि मेंदूकडे झालेला फैलाव एमआरआय दाखवतो. पण एमआरआयच्या काही चित्रांत बुरशी इतकी काळी दिसते की भरलेला सायनस रिकामा वाटतो. म्हणून दोन्ही चित्रे एकत्र वाचावीत आणि शेवटचा निर्णय ऊतीच्या तुकड्याच्या तपासणीवर सोडावा.

मूलहून मोठ्या तपासणीसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठताना रुग्णाची मजुरी बुडते. रोवणीच्या दिवसांत ती फार जड जाते. त्यामुळे चिठ्ठीवर नुसते ‘सायनस’ लिहून भागत नाही. त्रास कोणत्या बाजूला, किती दिवसांचा, कोणती औषधे झाली, दात दुखतो का, मधुमेह आहे का आणि चित्रातून नेमके काय हवे, हे सारे त्यावर असावे. प्रश्न स्पष्ट असेल तरच तपासणी योग्य निवडली जाते आणि अहवाल उपचाराच्या कामी येतो.